थर्मोस्टॅट काढून टाका, साहेब!

मंडळी, आज भांडायचंय. हापिसातल्या कुणाशी नाही, तिथलं कोटा भरून भांडण शुक्रवारी संध्याकाळीच संपलं. आजचं भांडण एका वाक्याशी आहे. तुमच्या घरात कधी जुनी गाडी असेल, तर हे वाक्य तुम्ही नक्की ऐकलं असणार:

"साहेब, थर्मोस्टॅट काढून टाका. आपल्याकडे लागतच नाही तो."

हे वाक्य मी सातारा रोडला ऐकलंय, कोल्हापुरात ऐकलंय, मुंबईत हिंदीत ऐकलंय, आणि सगळ्यात वाईट म्हणजे घरात खुद्द बाबांच्या तोंडून ऐकलंय. सांगणारा प्रत्येक जण मनापासून सांगत असतो, त्यात फसवणूक अजिबात नसते. पण चांगल्या मनाने दिलेल्या या सल्ल्याने जितकी जुनी इंजिनं खाल्ली असतील तितकी गंजानेही खाल्ली नसतील, असं माझं ठाम मत आहे. का ते सांगतो. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी पार्श्वभूमी. आमच्याकडे बाबांची 1984 ची प्रीमियर पद्मिनी आहे. नंबर लावून, वाट बघून घेतलेली, त्यामुळे घरात तिचं स्थान साधारण थोरल्या बहिणीचं. ही मूळची इटलीची फियाट 1100 डी, जी आपल्याकडे 1964 मध्ये आली आणि पुढे 'पद्मिनी' झाली. कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. 1089 सीसीचं इंजिन, चाळीसेक हॉर्सपॉवर, गिअर स्टिअरिंगच्या दांडीवर. इंजिनचा ब्लॉक बिडाचा आणि वरचं हेड ॲल्युमिनियमचं. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मे 2011. वाईला चुलतबहिणीचं लग्न. गाडीत बाबा, आई, मी, आत्या आणि आत्याच्या मांडीवर अहेराची पिशवी. खंबाटकीच्या चढाला अर्ध्यात गाडीने हाय खाल्ली. बॉनेटमधून वाफ, खाली पाण्याचं थारोळं. मागचे ट्रकवाले हॉर्न मारतायत, आत्या रामरक्षा म्हणतेय. मग एका अतिउत्साही सद्गृहस्थाने बाटलीतलं गार पाणी थेट तापलेल्या इंजिनवर आणि रेडिएटरमध्ये ओतलं. हेडला बाक आला, गॅस्केट उडालं, गाडी टोचन करून शिरवळला आणावी लागली. लग्न चुकलं ते चुकलंच.

(तो सद्गृहस्थ म्हणजे मी. कंप्युटर इंजिनियर आहे हो, मेकॅनिकल नाही. असो.)

ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या साधारण दुप्पट फुगतं. दोघं एकमेकांना बोल्टांनी घट्ट बांधलेले. त्यामुळे इंजिन एकदा प्रमाणाबाहेर तापलं, की पहिला बळी हेड आणि गॅस्केटचा जातो. त्यात वरून गार पाणी म्हणजे आगीत तेल. नंतर हेड फेसिंग करून घेतलं, नवं गॅस्केट टाकलं, गाडी चालू झाली. पण त्या दिवसापासून घरात एक नवीन वाक्य रुजू झालं: "आता तिचं वय झालं. घाटात न्यायची नाही." आणि पुढची बारा वर्षं ती गाडी कोथरूड ते मंडई आणि मंडई ते कोथरूड एवढीच फिरली.

मंडळी, "वय झालं" हे निदान नाही. बाबांच्या गुडघ्यांबद्दल डॉक्टर तसं म्हणाले तेव्हा बाबांनी डॉक्टर बदलला होता. गाडीच्या बाबतीत मात्र त्यांनी ते निमूट मान्य केलं.

2023 च्या ऑक्टोबर अखेरीला मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. तेव्हा पेपरांत, जालावर सगळीकडे हळवे लेख आले. त्याच आठवड्यात एक भंगारवाला घरी येऊन आकडाही सांगून गेला, आणि बाबा चक्क विचार करायला लागले! मी म्हटलं, एक मिनिट. विकायचं तर विकू, पण आधी ही तापते का ते तरी बघू. बग नीट न शोधता प्रॉडक्ट बंद करायचं, हे आम्ही हापिसात करतो, घरी नको.

पुढच्या वीकांताला रेडिएटरचा वरचा होज पाईप काढला आणि इंजिनच्या तोंडावरचं थर्मोस्टॅटचं घर उघडलं. आत मोकळं! थर्मोस्टॅट नाहीच.

"बाबा, इथला थर्मोस्टॅट कुठे गेला?"

"अरे, तो नाही का, एक्क्याण्णव सालच्या उन्हाळ्यात काढला. गरम होत होती. तो म्हणाला, आपल्याकडे लागत नाही."

"आणि मग गरम व्हायची थांबली?"

"थांबली ना!" मग जरा थांबून, "म्हणजे... काही वर्षं."

तीस वर्षांहून जास्त काळ आमची गाडी थर्मोस्टॅटशिवाय चालली होती, आणि त्यातली वीस वर्षं तर इंजिनची कारकीर्द ऐन भरात असताना.

तर हा थर्मोस्टॅट करतो काय? सुपारीएवढी पितळी डबी, आत मेण. मेण वितळलं की फुगतं आणि एका दांडीला ढकलून झडप उघडतं. वायर नाही, बॅटरी नाही, सेन्सर नाही. मेणाची ही युक्ती 1930 च्या दशकात सर्जियस व्हर्नेट नावाच्या माणसाने काढली आणि आजही बहुतेक गाड्यांत तीच आहे. इंजिन गार असताना झडप बंद, म्हणजे पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनमध्येच राहतं आणि पटकन तापतं. साधारण 82 अंशांना झडप उघडायला लागते आणि आणखी दहा-बारा अंशांत सताड उघडते. मध्ये इंजिनला जेवढं लागेल तेवढीच उघडते. फीडबॅक लूपचं इतकं सुंदर आणि इतकं स्वस्त उदाहरण मला तरी दुसरं माहीत नाही.

आता विरोधी पक्षाचे मुद्दे एकेक करून घेऊ.

मुद्दा पहिला: "आपला देश गरम आहे. तो थंड देशातल्या लोकांसाठी असतो." ऐकायला पटतं. पण हिशोब करा. मे महिन्यातली 40 अंशांची दुपार घ्या. इंजिनला हवेत 82 च्या वर, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा निदान 42 अंश जास्त. आणि डिसेंबरातल्या सकाळी पुण्यात पारा 10-12 ला उतरतो तेव्हा हाच फरक 70 च्या घरात जातो. इंजिनच्या नजरेने पाहिलं तर आपला देशही थंडच आहे! मेणाला अक्षांश-रेखांश कळत नाहीत, त्याला फक्त पाण्याचं तापमान कळतं.

मुद्दा दुसरा: "काढला की गाडी थंड चालते." बरोबर. तीच तर तक्रार आहे! गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही. जे जळत नाही ते सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन खाली जातं आणि ऑईल पातळ करतं. जळण्यातून तयार होणारी पाण्याची वाफ गार भागांवर धरते आणि त्याच ऑईलमध्ये मिसळते. आमच्या गाडीत ऑईल भरायच्या झाकणाखाली कायम पिवळट मलई जमायची. दर वेळी कुणीतरी "गॅस्केट गेलं वाटतं" म्हणून घाबरवायचं. गॅस्केट ठीक होतं. कोथरूड ते मंडई एवढ्या अंतरात थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन कधी धड तापतच नव्हतं. थंडीत तर वनाज ते डेक्कन चोक ओढून! ही सवय इतकी अंगवळणी पडली होती, की फियाट म्हणजे अशीच असते असं आम्हाला वाटायचं.

मुद्दा तिसरा, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा: "तापत होती, काढला, तापायची थांबली. अजून काय पुरावा पाहिजे?" मंडळी, ज्या क्षणी गाडी उकळत असते त्या क्षणी शाबूत थर्मोस्टॅट आधीच पूर्ण उघडलेला असतो. त्याला काढून पाण्याच्या वाटेतला थोडासा अडथळा तेवढा कमी होतो. तो अडकून बंद पडला असेल तर गाडी तापणारच, पण मग नवा टाका ना! काही शे रुपयांची वस्तू. फ्यूज उडाला म्हणून घरातले सगळे फ्यूज काढून तारा थेट जोडतो का आपण?

आता माझ्या बाजूच्या लोकांचंही एक चुकीचं कारण खोडतो, नाहीतर पक्षपात केल्यासारखं होईल. थर्मोस्टॅटवादी मंडळी नेहमी सांगतात, "तो काढला की पाणी इतकं जोरात पळतं की रेडिएटरमध्ये थंड व्हायला त्याला वेळच मिळत नाही." हे साफ चूक आहे. पाणी जितकं जोरात फिरेल तितकी एकूण उष्णता जास्तच वाहून नेली जाते. पाणी जोरात पळतं ते इंजिनमधूनही, म्हणजे तिथेही ते कमी वेळ तापतं! खरी कारणं वेगळी आहेत. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडतानाच बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायम उघडा, आणि गरम पाण्याचा एक वाटा रेडिएटरला न भेटताच परत इंजिनमध्ये. दुसरं म्हणजे त्याच्या अडथळ्यामुळे हेडमधल्या पाण्यावर पंपाचा थोडा दाब राहतो आणि गरम कोपऱ्यांत बुडबुडे व्हायला आळा बसतो. बाजू बरोबर असली म्हणून कारण काहीही चालत नाही.

पण माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. थर्मोस्टॅट असतो तेव्हा तापमानाचा काटा एका जागी उभा राहतो. डिसेंबर असो की मे, काटा मधे. म्हणजे ज्या दिवशी तो मधून वर सरकला, त्या दिवशी तुम्हाला कळतं की काहीतरी बिघडतंय. थर्मोस्टॅट काढला की काटा हवामान खात्यासारखा वागायला लागतो. सकाळी खाली, दुपारी मधे, सिग्नलला थोडा वर. मग कोण बघतं त्याच्याकडे?

आमच्या गाडीत नेमकं हेच झालं. 1991 मध्ये ती तापायला लागली कारण रेडिएटर चोंदत होता. थर्मोस्टॅट काढल्यावर काटा खाली आला, सगळे खूश. रेडिएटर मात्र आत चोंदतच राहिला, वीस वर्षं, गुपचूप. शहरातल्या शहरात ते लपून गेलं, कारण तिथे उष्णताच कमी. आणि मग खंबाटकी. पेट्रोल इंजिनात जळणाच्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने पाव हिस्सा चाकांना मिळतो आणि साधारण एक तृतीयांश पाण्यात जातो. चढाला पूर्ण ताकद लावलीत, तर त्या छोट्याशा रेडिएटरने तीस किलोवॉटच्या आसपास उष्णता बाहेर टाकायची असते. म्हणजे घरातले पंधरा गिझर एकदम चालू! अर्ध्या चोंदलेल्या रेडिएटरला ते जमलं नाही.

आपल्या भाषेत सांगायचं तर टेस्ट फेल होत होती म्हणून कुणीतरी टेस्टच कमेंट आऊट केली. बिल्ड हिरवं झालं. वीस वर्षांनी प्रॉडक्शनमध्ये, पीक लोडला, आत्या गाडीत असताना सिस्टिम झोपली. आणि पोस्टमॉर्टेममध्ये आपण लिहिलं, "सिस्टिम जुनी आहे."

मग रेडिएटर उतरवला आणि नाना पेठेतल्या एका चाचांकडे नेला. लहानसं दुकान, हवेत झाळकामाचा वास. चाचांनी कुठलंही यंत्र लावलं नाही. खालचं तोंड हाताने दाबून रेडिएटर पाण्याने भरला आणि हात एकदम काढला. धो धो पडायला हवं होतं ते पाणी नळाला पाणी कमी आल्यासारखं पडलं. "आधा बंद है साब. बोअर का पानी डालते थे ना?" मी मान खाली घातली.

बोअरचं पाणी जड असतं. त्यातले क्षार गरम जागी आधी बसतात, म्हणजे जिथून उष्णता निघायला हवी नेमकं तिथेच. हा थर उष्णतेला इतकं अडवतो, की एक मिलिमीटर क्षार म्हणजे वीस-पंचवीस मिलिमीटर जाडीचं बीड मधे घातल्यासारखं. गिझरची कॉइल काढून बघितली असेल तर तो पांढरा थर तुम्हाला माहीत आहे.

इथे दुसरं प्रलोभन समोर येतं. मित्र म्हणाला, "कशाला या भानगडी? चकचकीत ॲल्युमिनियमचा रेडिएटर टाक, दोन इलेक्ट्रिक पंखे लाव, मोकळा हो." हा सल्ला म्हणजे 'थर्मोस्टॅट काढा'चाच श्रीमंत मावसभाऊ. मोजायचं नाही, शोधायचं नाही, खर्च तेवढा करायचा. ॲल्युमिनियमचे रेडिएटर वाईट नसतात, आजच्या गाड्यांत तेच असतात. पण ज्या ब्लॉकमध्ये गंज आणि क्षार तसेच आहेत, त्याला नवा रेडिएटर जोडलात तर तोच गाळ नव्या नळ्यांत जाऊन बसेल. शिवाय जुन्या डायनामोच्या गाडीला दोन पंख्यांची वीज झेपायची नाही, ते वेगळंच.

जुना तांब्या-पितळेचा रेडिएटर दुरुस्त करता येतो, हाच त्याचा मोठा गुण. चाचांनी वरची-खालची टाकी डाग सोडवून काढली, प्रत्येक नळीतून पातळ पट्टी घालून गाळ काढला, दोन गळक्या नळ्या झाळल्या, टाक्या परत बसवल्या आणि हवा भरून पाण्यात बुडवून बुडबुडे बघितले. जाळीच्या पत्र्यांचा हात लावल्यावर भुगा होत असता, तर टाक्या जुन्या ठेवून मधला कोअर नवा घालावा लागला असता. तेही ठीक. नवीन टाकण्याला माझा विरोध नाही, न तपासता टाकण्याला आहे.

तोवर घरी मी ब्लॉकचा खालचा कॉक उघडून आतून पाणी मारलं. तासभर चहाच्या रंगाचं पाणी येत होतं. होज पाईप बदलले, पंख्याचा पट्टा बदलला. रेडिएटरचं झाकणही बदललं, कारण त्याचं रबर वाळून गेलं होतं. झाकण म्हणजे साधं बूच नव्हे, ती कुकरची शिट्टी आहे. समजा 7 पीएसआयचं झाकण असेल, तर पाणी 100 ऐवजी 112 अंशांच्या आसपास उकळतं. महाबळेश्वरला तर उघड्या भांड्यातलं पाणी 95-96 लाच उकळतं, तिथे या बारा अंशांची किंमत कळते. (आणि तापलेल्या गाडीचं हे झाकण उघडायचं नाही. गरम कुकरचं उघडता का?)

आणि थर्मोस्टॅट. नवा आणला, पण न तपासता बसवला असता तर मग या लेखाला काय अर्थ? स्वयंपाकघरात पातेल्यात पाणी, त्यात दोऱ्याने टांगलेला थर्मोस्टॅट आणि शेजारी थर्मामीटर. (कोविडच्या काळातली कपाळावर रोखायची बंदूक चालत नाही. ती माणसांसाठी असते, चाळीस-बेचाळीसच्या पुढे हात टेकते.) आई दारात उभी. "ते माझं दुधाचं पातेलं आहे." ऐंशीला काही नाही. त्र्याऐंशीला झडप किंचित हलली. नव्वदच्या पुढे सताड उघडली. गॅस बंद केल्यावर हळूहळू मिटली. बाबा चष्मा लावून वाकून बघत होते. दुसऱ्यांदा बघायचंय म्हणाले. आम्ही तीनदा केलं.

बसवताना दोन गोष्टी. मेणाची डबी इंजिनच्या बाजूला, उलटी नाही. आणि कडेला छोटं भोक असेल तर ते वर, म्हणजे अडकलेली हवा निघून जाते. पाणी बोअरचं नाही. क्षार काढलेलं पाणी आणि जुन्या झाळणीला चालणारं कूलंट. कूलंट म्हणजे बर्फाळ देशातली चैन हा दुसरा गैरसमज. त्यातली गंजरोधक द्रव्यं आपल्यालाही तितकीच लागतात. जुनं कूलंट मात्र सोसायटीच्या आवारात ओतू नका. ते गोडसर लागतं आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात.

थर्मोस्टॅट कधीच काढू नये का? काढावा. आडरानात तो बंद अडकला आणि घर गाठायचं असेल, तर जरूर काढा. तो हॉटफिक्स झाला. पण सोमवारी नवा बसवा. आमचा हॉटफिक्स बत्तीस वर्षं प्रॉडक्शनमध्ये होता.

त्या सगळ्या मेकॅनिकांना मी खलनायक करत नाहीये. उन्हाळ्यात दारात दहा गाड्या उभ्या असतात, गिऱ्हाईकाला संध्याकाळी गाडी हवी असते आणि रेडिएटर उतरवायचे पैसे द्यायचे नसतात. पाच मिनिटांत काटा खाली आणणारा माणूस आपल्याला आवडतो. आपणच त्याला तसं शिकवलंय. हापिसात आपला मॅनेजर आपल्याला शिकवतो, अगदी तसंच.

मागच्या मे महिन्यात आम्ही वाईला गेलो. त्याच गाडीने, भर दुपारी, त्याच घाटाने. बाबा चालवत होते. मी शेजारी बसून रस्त्याकडे न बघता फक्त काट्याकडे बघत होतो. मधे. अर्ध्या चढाला एक रेघ वर सरकला, माथ्यावर पोचल्यावर पुन्हा मधे. बस, एवढंच.

माथ्यावर बाबांनी गाडी बाजूला घेतली, खाली उतरले, बॉनेटवर हात ठेवला. मला वाटलं आता काहीतरी भावनिक बोलणार.

"तुला सांगतो," ते म्हणाले, "त्या एक्क्याण्णवच्या मेकॅनिकला बोलवून दाखवायला पाहिजे."

मी म्हटलं, "आणि त्या भंगारवाल्याला?"

"त्याला मी कालच फोन करून सांगितलं. म्हटलं, वय तुझं झालं असेल!"